पळणारा आणि पडून राहणारा

रविवार, रात्री उशिरा

आज परत बिहाइंड एनिमी लाइन्स बघितला, 2001 चा, ओवेन विल्सन आणि जीन हॅकमनवाला. बोस्नियावर अमेरिकन नेव्हीचं विमान पाडतात, पायलटला शत्रू गोळी घालतो आणि मागच्या सीटवरचा नेव्हिगेटर उरलेला सगळा पिक्चर जीव घेऊन पळत सुटतो. बर्फातून पळतो, माइन्समधून पळतो, पडक्या कारखान्यातून पळतो. विमानामागे मिसाइल लागतं तो सीन आजही श्वास रोखून बघतो मी, त्याबद्दल तक्रारच नाही. पण हा पिक्चर ढोबळपणे ज्या खऱ्या घटनेवरून सुचला ती वाचल्यापासून मला तो पळणारा हिरो पटेनासा झालाय आणि आज झोप येत नाहीये तर लिहूनच काढतो.

खरी गोष्ट अमेरिकन हवाईदलाचा पायलट स्कॉट ओ'ग्रेडीची. 2 जून 1995, इटलीतल्या आव्हियानो बेसवरून उडालेलं एफ-16, नाटोची नो फ्लाय झोनची, म्हणजे बंदी घातलेल्या आकाशात कोणी उडू नये म्हणून पहाऱ्याची ड्युटी, आणि खालून बोस्नियन सर्बांचं मिसाइल. विमानाचे दोन तुकडे झाले, हा इजेक्ट झाला म्हणजे सीटसकट बाहेर फेकला गेला, आणि भर दुपारी पॅराशूटला लटकत खाली येताना खालची माणसं त्याला बघतायत हे त्याला वरूनच दिसत होतं. जमिनीवर पडल्यावर त्याने काय केलं? जवळच्या झुडपात घुसला, पालथा पडला, चेहरा आणि कान हातमोज्यांनी झाकून घेतले, का तर कातडीचा रंग हिरव्यात उठून दिसतो. आणि तसाच पडून राहिला. त्याला शोधणारे हातातल्या बंदुका घेऊन अगदी जवळून जात होते, गोळ्या झाडत होते, आणि याने हलायचं नाही, खोकायचं नाही, अंगावर काहीतरी चढलं तरी झटकायचं नाही.

असे सहा दिवस! जेवढं काय सरकायचं ते रात्री आणि तेही थोडंसंच. जवळचं पाणी संपल्यावर पावसाचं पाणी स्पंजने टिपून घेतलं, पानं खाल्ली, गवत खाल्लं, मुंग्या खाल्ल्या. रेडिओ होता पण तो सारखा चालू ठेवता येत नाही, बॅटरी जाते आणि शत्रूही ऐकत असतो. शेवटी 8 जूनला मध्यरात्रीनंतर वर फिरणाऱ्या एका एफ-16 च्या पायलटला, थॉमस हॅनफर्डला, त्याचा आवाज मिळाला. आता मला सगळ्यात भिडलं ते पुढचं. हॅनफर्डने लगेच आनंदाने ओरडाआरडा केला नाही, आधी विचारलं की कोरियात होतास तेव्हा तुझं स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, कोणतं होतं. कारण रेडिओ शत्रूच्या हातात पडलेला असू शकतो, सापळा असू शकतो. सहा दिवसांनी आपल्या माणसाचा आवाज ऐकू येतो आणि तो आवाज आधी तुमची परीक्षा घेतो. बरोबर उत्तर आलं आणि सकाळी कीअरसार्ज जहाजावरून मरीन्सची हेलिकॉप्टरं निघाली. हा झाडीतून पिस्तूल हातात धरून धावत आला, आणि मला वाटतं त्या सगळ्या दिवसांतलं खरं धावणं ते तेवढंच.

पिक्चर आल्यावर ओ'ग्रेडीने कंपनीवर केस केली, त्यातला नायक शिव्या देतो, वरिष्ठांच्या ऑर्डरी मोडतो आणि लोक मला तसा समजतील म्हणून. मला त्याचं म्हणणं शंभर टक्के पटतं. कारण अशा वेळी जिवंत ठेवते ती शिस्तच. पळावंसं वाटत असताना पडून राहायचं याला जी छाती लागते ती पडद्यावर दाखवणं अवघड आहे हे मान्य, पण कोणीतरी एकदा दाखवायला पाहिजे, अर्धा तास नुसतं झुडूप आणि बुटांचे आवाज, बस.

आपल्या नाशिककरांना हे सगळं फार लांबचं वाटायला नको. ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात मिग-21 लढाऊ विमानं बनली, त्यांचीच सुधारलेली बायसन तिथेच अपग्रेड झाली, सुखोई विमानं तिथलीच, लहानपणापासून डोक्यावरून तो आवाज जातोय. आणि 4 जून 2024, लोकसभेच्या निकालाचा दिवस, सगळे टीव्हीला चिकटलेले आणि दुपारी निफाड तालुक्यात शिरसगावच्या शिवारात सुखोई कोसळलं. दोघेही पायलट इजेक्ट होऊन वाचले. आमचा पिंपळगावचा मावसभाऊ लगेच बाईक काढून तिकडे गेला होता, म्हणाला गावं लोटली होती नुसती. तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच फिरतं की सीट तशीच उडते, पॅराशूट तसंच उघडतं, पाठीला तसाच हिसका बसतो, पण खाली माणसं आपली आहेत का परकी एवढ्यावर पुढचं सगळं ठरतं. 27 फेब्रुवारी 2019 ला आपले पायलट अभिनंदन वर्धमान विमान पडल्यावर पाकिस्तानच्या हद्दीत खाली उतरले आणि समोरच्या पोरांना त्यांना विचारावं लागलं की हे भारत आहे का पाकिस्तान. त्यांना झुडूप शोधायला वेळच मिळाला नाही, गर्दी आलीच, तेवढ्यातही शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून जवळचे कागद गिळायचं भान राहिलं त्या माणसाला.

आणि आपल्या हवाईदलाचे पायलट दिलीप पारुलकर! पोरांना टॉप गन तोंडपाठ असतं पण हे नाव माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं. डिसेंबर 1971 मध्ये त्यांचं सुखोई-7 पाडलं, युद्धकैदी झाले, रावळपिंडीच्या कॅम्पमध्ये ठेवलं. युद्धाआधीच त्यांनी आपल्या सीओंना, म्हणजे कमांडिंग ऑफिसरना, सांगून ठेवलं होतं म्हणे की पकडला गेलो तर बसून राहणार नाही, पळणार. ऑगस्ट 1972 मध्ये भिंतीच्या विटा एकेक करून काढून ते, मलविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी रात्री पावसात बाहेर पडले. बसने पेशावर गाठलं, तिथून पुढे खैबर खिंड, लंडी कोटल गाव. अफगाण सीमा काही किलोमीटरवर राहिली होती हो! नकाशा होता शाळेच्या अॅटलासातला आणि त्यात रेल्वे लंडी खानापर्यंत दाखवलेली, म्हणून बाजारात त्यांनी लंडी खानाला कसं जायचं ते विचारलं. ते स्टेशन 1932 मध्येच बंद पडलेलं. तिथे कोणी लंडी खानाला जातच नव्हतं, लगेच संशय आला आणि धरले गेले. एका जुन्या छापील रेषेने घात केला, मला हे वाचताना पोटात खड्डा पडला होता.

पण खरी हिंमत मला त्याच्या पुढे दिसते. लोक खवळलेले, हेर समजून तिथेच संपवलं असतं. तेव्हा पारुलकरांनी डोकं शांत ठेवून पाकिस्तानी हवाईदल प्रमुखांच्या एडीसीला म्हणजे खास मदतनीस अधिकाऱ्याला, उस्मान हमीदला फोन लावायला लावला, जो आधी त्यांच्याच कॅम्पचा प्रमुख होता. त्याने फोनवरून सांगितलं की यांना सुखरूप ठेवा. परत कोठडी, एकांतवास, आणि 1 डिसेंबर 1972 ला मायदेश. ऑगस्ट 2025 मध्ये ते गेले तेव्हा बातमी आली आणि दोन दिवसांत विरली.

पुढच्या रविवारी भाचा येतोय, भोसला मिलिटरी स्कूलला आहे, एनडीएच्या, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या अकादमीच्या मागे लागलाय. त्याच्याबरोबर पिक्चर नाही बघणार यावेळी, नकाशा उघडून रावळपिंडी ते लंडी कोटल रस्ता दाखवणार आहे.