गुलकंद, दही आणि शुगरची गोळी

धानाच्या रोवणीत बाई दिवसभर वाकलेली असते. एका हातात पऱ्ह्यांची पेंडी, दुसरा हात चिखलात. अशा वेळी नको तिथं खाज सुटली तर करावं काय? हात कोपरापर्यंत चिखलाचे, धुऱ्यावर ट्रॅक्टरवाला बसलेला, अन् रांगेतून उठलं की बाकीच्या बारा जणी विचारणार, "काऊन वो, काय झालं?" मागच्या आषाढात मी असे तीन आठवडे काढले. कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते.

सुरुवात चैत्रातच झाली होती. आधी नुसती खाज, मग लघवीला जळजळ, मग फाटलेल्या दुधासारखं पांढरं जायला लागलं. जावेनं लगेच सांगितलं, "बाई, तुले गरमी झाली. गुलकंद खा, सब्जा पी." आमच्याकडं कंबरेच्या खालचं सगळं दुखणं गरमीतच मोडतं. साकोलीच्या बाजारातून गुलकंदाची मोठी बरणी आणली. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे, वर चमचाही चाटायचा. मला शुगर आहे हे तेव्हा ठाऊक होतं. पण गुलकंद म्हणजे औषध, ते काय गोड खाणं थोडंच! असा माझा हिशेब.

नागपूरच्या भाचीनं ऑनलाइन मागवून प्रोबायोटिकच्या कॅप्सूल पाठवल्या, सोबत क्रॅनबेरी नावाच्या परदेशी आंबट फळाच्या गोळ्या. नऊशे रुपये. डबीवर लिहिलेलं, एका कॅप्सूलमध्ये इतके अब्ज चांगले जंतू. दोन महिने नेमानं घेतल्या. एका व्हिडिओत लसणाची पाकळी आत ठेवायला सांगितली होती, तीही ठेवली. ती रात्र मी न्हाणीत तांब्या घेऊन काढली, एवढंच सांगते.

शेवटी ग्रामीण रुग्णालयात गेले. डॉक्टरबाईंनी आधी तपासलं. वास नाही, पांढरे गठ्ठे, लाली, म्हणजे बुरशीच, कॅन्डिडा. वास मारणारं पातळ पाणी जात असेल तर तो वेगळा आजार, औषधही वेगळं, म्हणून न तपासता अंदाजानं मलम लावू नका म्हणाल्या. मग विचारलं, "काय काय घेता?" मी पिशवी टेबलावर पालथी केली. कॅप्सूल, क्रॅनबेरी, त्रिफळा सगळं त्यांनी बाजूला सारलं आणि शुगरच्या गोळीची पट्टी उचलली. डापाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम.

"ही कधीपासून?"

"शिमग्यापासून."

"आणि खाज?"

माझं मलाच कळलं.

एरवी मूत्रपिंड रक्तातली साखर गाळून पुन्हा आत घेतं. ही गोळी तेच अडवते, म्हणून साखर लघवीवाटे बाहेर पडते. रक्तातली शुगर उतरते, पण जिथून लघवी जाते तिथं बुरशीला आयतं जेवण. त्यात मी वरून गुलकंद घालत होते, ज्यात पाकळ्यांपेक्षा साखरच जास्त. भारतात या औषधाचं पेटंट संपलं, ते स्वस्त झालं, आता खेड्यातल्या चिठ्ठीवरही दिसतं. औषध वाईट नाही, हृदयाला आणि मूत्रपिंडाला चांगलं आहे. राग एवढाच, की लिहून देणाऱ्यानं हे एका वाक्यात सांगितलं नाही. मीही विचारलं नाही म्हणा.

बुरशीवर त्यांनी दिलं ते असं: फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची एक गोळी, तीन दिवसांनी दुसरी, आणि आठवडाभर रात्री आत ठेवायची क्लोट्रिमॅझोलची गोळी. शुगरची गोळी त्यांनीच बदलून दिली. तुमची चालू असेल तर आपल्या मनानं बंद करू नका, शुगर चढेल.

मी हट्टानं विचारलं, मग कॅप्सूल वाया गेल्या का? म्हणाल्या, खायच्या तर खा, नुकसान नाही, पण त्यानं ही खाज थांबते असा भक्कम पुरावा नाही. क्रॅनबेरीची चर्चा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी होते, बुरशीसाठी नाही. दही ताटात घ्या, आत लावू नका. विरजणातले जंतू आणि तिथं राहणारे जंतू एक नसतात. बोरिक ॲसिडचंही विचारलं, कारण घरात पोरं कॅरमवर तीच पावडर टाकतात. त्यांनी डोळेच वटारले. पोटात गेली तर विष आहे. हट्टी बुरशीला डॉक्टर तिची कॅप्सूल आत ठेवायला देतात, पण ते त्यांनीच ठरवायचं, आणि पोटुशीनं तर नाहीच.

यंदा रोवणीला जाताना थैलीत सुती परकर अन् कोरडी चड्डी नेते. दुपारी भाकरीआधी पळसाच्या आडोशाला बदलते. बाया हसतात. दोघींनी मात्र परवापासून आपापली थैली आणली.

गुलकंदाची उरलेली बरणी जावेनं नेली. तिलाही खाज आहे हे मला आत्ता कळलं, आणि तिनं शुगर कधी तपासलीच नाही. "येतो ना तुयासंगं दवाखान्यात," म्हणाली, "पहिले रोवना होऊ दे."