मुंबईला का नाही गेलात?

कार्यक्रम संपून माइक खाली ठेवला की कुणीतरी हमखास जवळ येतं. बहुतेक वेळा एखादी आई असते, शेजारी कॉलेजात जाणारी मुलगी. "ताई, तुम्ही एवढ्या मालिकांत दिसलात, मग मुंबईला का नाही गेलात?" कोल्हापुरात राहून या क्षेत्रात पोट भरतं का, हा त्यामागचा खरा प्रश्न. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

जाते की. काम असेल तिथे जाते. मुंबईतल्या सेटवर कामं केली आहेत, मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहिले आहे. ऑडिशनसाठी आता दर वेळी रात्रीची गाडी धरावी लागत नाही, कोरोनानंतर पुष्कळ जण आधी घरूनच व्हिडिओ मागवतात. पण बिऱ्हाड कोल्हापुरातच ठेवलं, कारण मालिका हे माझं अर्धं काम. उरलेलं अर्धं निवेदनाचं, आणि ते इथं आहे.

मालिकेतला हिशेब आधी समजून घ्या. पैसे दिवसावर ठरतात. शिफ्ट बारा तासांची, कागदावर बरं का, प्रत्यक्षात पॅकअप कधी होईल ते सांगता येत नाही. केलेल्या कामाचे पैसे साधारण ९० दिवसांनी हातात येतात, म्हणजे गणपतीतल्या कामाचे नाताळच्या सुमारास. टीआरपीचे आकडे आठवड्याला येतात. ते घसरले की ट्रॅक, म्हणजे गोष्टीची दिशा, बदलतो, आणि काल घरात वावरणारी आत्या अचानक गावाला जाते ती परत येतच नाही. २००१ साली ई टीव्ही मराठीवर सुरू झालेल्या 'चार दिवस सासूचे'चे तीन हजारांवर भाग झाले. तशी मालिका वाट्याला येणं विरळा. आता काही मालिका वर्षाच्या आतही आटोपतात. मग एक मालिका संपल्यापासून दुसरी मिळेपर्यंत घर कशावर चालवायचं? मुंबईचं भाडं भरत वाट बघताना फार चांगली नट मंडळी हताश झालेली मी पाहिली आहेत.

तरी मालिकेचं काम मला मनापासून आवडतं. त्याला कुणी हलकं म्हटलं की राग येतो. सीन पुष्कळदा मेकअपच्या खुर्चीत बसल्यावर हातात पडतो. आधी मास्टर, म्हणजे सगळ्यांचा मिळून एक शॉट, मग एकेकाच्या चेहऱ्याचे जवळून घेतलेले क्लोज. तुमचा क्लोज लागतो तेव्हा समोरचा नट कॅमेऱ्यात नसतो, त्यानं फक्त क्यू द्यायचा असतो, म्हणजे बाजूनं स्वतःची वाक्यं म्हणायची. कधी तो दमून मेकअप रूममध्ये गेलेला असतो आणि त्याची वाक्यं असिस्टंट कागदावरून वाचतो. आपण लाइटच्या स्टँडवर चिकटवलेल्या टेपच्या तुकड्याकडे बघत पोटच्या मुलाला घराबाहेर काढायचं. माझ्या पहिल्या मालिकेत सासऱ्यांचं काम करणारे एक ज्येष्ठ नट होते, कोल्हापूरच्याच रंगभूमीवर वाढलेले. त्यांचा शॉट झाला तरी ते जागचे हलायचे नाहीत. माझ्या क्लोजला लेन्सला लागून उभे राहायचे आणि स्वतःच्या शॉटइतकाच जीव ओतून बोलायचे, डोळ्यांत पाणी आणून. कॅमेऱ्यात त्यातलं काहीही येणार नसायचं. त्यांचं ऐकता ऐकता माझा चेहरा आपोआप बदलायचा. समोरच्याचं ऐकायचं कसं, हे मी त्यांच्याकडून घेतलं.

कोल्हापूरला हे क्षेत्र परकं नाही. बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' हा चित्रपट १९२०चा. प्रभात फिल्म कंपनी १९२९ला इथं सुरू झाली आणि १९३३ला पुण्याला गेली, म्हणजे 'गेलात का नाही' हा विषय या गावात माझ्या आजीच्या वेळेपासून चालू आहे. मोरेवाडीच्या चित्रनगरीत मालिकांचं शूटिंग होतं. २०१६ला सुरू झालेल्या 'तुझ्यात जीव रंगला'नं वसगडे गाव घराघरात पोचवलं. युनिट आलं की लाइटवाल्यांपासून जेवणवाल्यांपर्यंत इथल्या माणसांना काम मिळतं. मोठ्या भूमिका मात्र बहुतेक वेळा मुंबईतच ठरतात, हेही सांगायला हवं. आणि केशवराव भोसले नाट्यगृह! शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ला उघडलेलं. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. त्या रंगमंचावर मी पहिल्यांदा बोलले होते. दुसऱ्या दिवशी खासबागेच्या बाजूला आम्ही कलाकार नुसते उभे होतो. ते दुःख अजून जात नाही.

आता निवेदनाचं. एका वाहिनीवर बायकांचा कार्यक्रम केला तेव्हा कानात टॉकबॅक असायचा, म्हणजे कंट्रोल रूममधून सूचना देणारं छोटं यंत्र. समोरची पाहुणी मुलाच्या आजारपणाचं सांगतेय आणि कानात आवाज, "ब्रेकला वीस सेकंद". दोन्ही ऐकायचं, आणि तिला तुटल्यासारखं वाटता कामा नये. हे अभिनयाइतकंच अवघड आहे. २००४ला 'होम मिनिस्टर' सुरू झालं, आदेश बांदेकर घराघरातले भावोजी झाले, आणि गावोगावी 'खेळ पैठणीचा' सुरू झाला. नवरात्रात, हळदीकुंकवाला माझ्याकडे त्याच सुपाऱ्या, म्हणजे पैसे घेऊन करायचे कार्यक्रम, जास्त असतात. आमच्यातले काही जण सुपारीला नाक मुरडतात. मला ते पटत नाही. मालिकेत मी काय बोलायचं ते लेखक ठरवतो. इथं काय विचारायचं ते मी ठरवते.

या खेळात उखाणा घ्यायचा तो नवऱ्याच्या नावानं. त्यामुळे विधवा बायका मागं भिंतीला टेकून, दुसऱ्यांची पोरं आणि पर्सा सांभाळत बसलेल्या असायच्या. मे २०२२ला आपल्याच जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढून घेणं, सगळं बंद. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. तेव्हापासून मी सुपारी घेतानाच सांगते, उखाण्यात कुणाचंही नाव चालेल, आणि सगळ्या जणी खेळतील. "प्रथेप्रमाणं घ्या की ताई," असं एका मंडळानं सुचवून बघितलं. मी तो कार्यक्रम सोडला.

करवीर तालुक्यातल्या एका गावात मी हे जाहीर केल्यावर बराच वेळ कुणी उठलं नाही. मग मागून पन्नाशीच्या एक मावशी आल्या. पदर दोन्ही हातांनी धरलेला, त्यामुळे माइक मीच धरला. म्हणाल्या, "पंचगंगेच्या पुरात शिवाजी पुलाची साथ, माझ्या पडत्या काळात जाऊबाईंचा हात." जाऊबाई समोरच होत्या, एकदम मोठ्यानं रडायला लागल्या. मग रांगच लागली. कुणी आईचं नाव घेतलं, कुणी सुनेचं, एकीनं गोठ्यातल्या म्हशीचं. पैठणी कुणाला मिळाली ते आता आठवत नाही.

मुंबईला जाऊन यातलं काही मला करता आलं असतं असं वाटत नाही.

मग लेकीला पाठवायचं का? पाठवा, पण आधी इथं काम करू द्या. कॉलेजच्या एकांकिका, राज्य नाट्य स्पर्धेतलं नाटक, गल्लीतल्या मंडळाचं निवेदन, जे मिळेल ते. लोकांसमोर उभं राहायची सवय इथंच लागते. मुंबईला जाताना सहा महिन्यांचा खर्च गाठीला ठेवा, पैसे उशिरा येतात हे वर सांगितलंच आहे. शिक्षण अर्धवट सोडायला लावू नका. आणि ऑडिशनच्या, पोर्टफोलिओच्या, 'रोल पक्का करतो'च्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर एक रुपयासुद्धा देऊ नका. खऱ्या ऑडिशनला पैसे लागत नाहीत.