पोटॅशिअमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन

अणूच्या केंद्रकाभोवतीच्या के, एल, एम, एन या कवचांत अनुक्रमे २, ८, १८ आणि ३२ इलेक्ट्रॉन मावतात, हे मला तोंडपाठ होतं. कवचाच्या क्रमांकाचा वर्ग करायचा आणि दुप्पट करायची. सोडिअम २, ८, १. क्लोरीन २, ८, ७. आरगॉन २, ८, ८. कुठेच अडलं नाही. मग आलं पोटॅशिअम, अणुअंक १९. एम कवचात जागा १८, भरलेल्या फक्त ८, म्हणून मी बेधडक २, ८, ९ लिहिलं. वहीत त्यावर लाल फुली आली. बरोबर उत्तर होतं २, ८, ८, १.

दहा जागा रिकाम्या असताना हा एकटा पुढच्या कवचात का गेला? विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "शेवटच्या कवचात आठापेक्षा जास्त मावत नाहीत." मग १८ हा आकडा पाठ कशासाठी करायचा? दोन्ही नियम घोकले खरे, पण ते एकमेकांशी भांडतच राहिले.

वाट सापडली ती उपकवचांमध्ये, म्हणजे प्रत्येक कवचाच्या आतल्या भागांमध्ये. एस २, पी ६, डी १०, एफ १४ हेही आधी नुसतं पाठच केलं होतं. एकदा मात्र कोरा कागद घेऊन चौकोन काढत बसलो. एसला एक चौकोन, पीला तीन, डीला पाच, एफला सात. एक चौकोन म्हणजे एक ऑर्बिटल, उपकवचातली इलेक्ट्रॉनांची एक जागा, आणि त्यात दोनच बाण, म्हणजे दोनच इलेक्ट्रॉन, एक वर तोंड केलेला, एक खाली. दोनच का, याचं उत्तर वोल्फगांग पाउली यांनी १९२५ मध्ये मांडलेल्या तत्त्वात आहे. इलेक्ट्रॉनाची अणूतली अवस्था चार क्वांटम अंकांनी सांगतात, आणि एका अणूतल्या कोणत्याही दोन इलेक्ट्रॉनांचे हे चारही अंक सारखे असू शकत नाहीत. ऑर्बिटल ठरलं की तीन अंक ठरले. उरला स्पिनचा, आणि त्याच्या किंमती दोनच. तिसऱ्या इलेक्ट्रॉनाला जागाच नाही.

मग चौकोन मोजले. पहिल्या कवचात फक्त एस, आणि पुढच्या प्रत्येकात एकेक उपकवच वाढत जातं. म्हणून पहिल्यात १. दुसऱ्यात १ आणि ३ मिळून ४. तिसऱ्यात १, ३, ५ मिळून ९. चौथ्यात १६. हे तर वर्ग! विषम संख्या ओळीने मिळवत गेलं की वर्गच येतात, हे गणितात शिकलेलं होतं. ते इथे भेटेल असं कधी वाटलं नव्हतं. प्रत्येक चौकोनात दोन, म्हणून दुप्पट. इतके दिवस घोकलेलं सूत्र माझ्याच कागदावर उभं राहिलं होतं. त्या क्षणाचा आनंद अजून आठवतो.

पोटॅशिअमचं कोडंही तिथेच सुटलं. किती मावतात हा एक प्रश्न आणि आधी कुठे बसतात हा दुसरा. मी दोन्हींची गल्लत करत होतो. ४एसमधला, म्हणजे चौथ्या कवचाच्या एसमधला, इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या जवळपर्यंत शिरकाव करतो, त्यामुळे पोटॅशिअममध्ये ४एसची ऊर्जा ३डीपेक्षा कमी पडते, आणि एकोणिसावा इलेक्ट्रॉन तिथे जातो. एम कवचाच्या त्या दहा जागा खऱ्याच आहेत, फक्त त्यांची पाळी उशिरा येते. शेवटच्या कवचातले आठ म्हणजे एसचे दोन आणि पीचे सहा. डी भरायला लागेपर्यंत सहसा पुढचं कवच उघडलेलं असतं, मग ते शेवटचं उरतच नाही.

क्रोमिअम आणि तांबं या क्रमाला थोडा धक्का देतात (दोघांच्याही ४एसमध्ये एकच इलेक्ट्रॉन), पण ते नंतरचं. मला आधी पुढची मूलद्रव्यं स्वतः लिहून बघायची होती. कॅल्शिअम २, ८, ८, २. त्यानंतर स्कँडिअम, अणुअंक २१: २, ८, ९, २. फुली बसलेला माझा नऊ इथे होता. तसाच पुढे लिहीत गेलो, आणि जस्तापर्यंत, अणुअंक ३० ला, एम कवचात १८ पुरे झालेले होते.