जांघ काचली, आणि मी गप्प बसले

गेल्या श्रावणात बडोद्याजवळच्या आजवा तलावाहून सायकलवर परत येताना शेवटचे पाच-सहा किलोमीटर मी पेडलवर उभं राहूनच काढले. सीटवर टेकलं की उजव्या जांघेत मिरची चोळल्यासारखी आग व्हायची. घरी आले, अंगावर पाणी घेतलं आणि ओठ घट्ट मिटून तशीच उभी राहिले. आतल्या चड्डीची शिवण जिथे येते नेमका तिथेच बोटभर रुंद लाल पट्टा उठला होता. उजवीकडे तर कातडं सोलवटून पाणी सुटलेलं.

आम्ही चौघी रविवारी पहाटे दांडिया बाजारातून निघतो. मांडवी, पाणीगेट करून आजवा रोडला लागायचं, सयाजीराव महाराजांच्या काळातल्या त्या तलावापर्यंत जायचं आणि उजाडल्यावर परतायचं. येताना सेव उसळ ठरलेली. पावसाळ्यातली बडोद्याची हवा म्हणजे घाम निथळतो, पण वाळत नाही. त्या ओल्या कपड्यांत आम्ही अर्धा-पाऊण तास गप्पा मारत बसायचो. दुखण्याची सुरुवात तिथेच होती, हे मला फार उशिरा कळलं. ओलं कातडं मऊ पडतं, त्यावर घामातलं मीठ आणि शिवण घासली की ते सोलून निघतं.

कुणाला सांगायचं? जागाच अशी. संध्याकाळी मेडिकल स्टोअरमध्ये गेले. काउंटरवर आणखी तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती, म्हणून हळूच 'घामाने खाज येतेय' एवढंच म्हणाले. त्याने काही न विचारता एक ट्यूब काढून दिली. दोन दिवसांत लाली गेली, आग थांबली. मला वाटलं, सुटले. लावायचं थांबवलं की चार दिवसांत पुन्हा खाज. पुन्हा ट्यूब. असं तीन आठवडे चाललं, आणि लाल पट्ट्याची कडा उठून गोल गोल पसरायला लागली.

शेवटी सासूबाईंनीच विचारलं, "अगं, पाय फाकून का चालतेस? जांघ काचलीय का?" इतकं सरळ. "आम्ही नऊवारी नेसायचो तेव्हा खळ घातलेल्या लुगड्याचा काष्टा असाच काचायचा. खोबरेल लावायचो. पण हे निराळं दिसतंय, तू डॉक्टरकडे जा." मी इतके दिवस लपवत होते, आणि त्यांच्याकडे त्याला रोजच्या वापरातला शब्द होता.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी आधी ट्यूब मागितली आणि तिच्यावरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. बुरशीवरचं औषध, अँटिबायोटिक आणि जोडीला जोरकस स्टेरॉइड, तिन्ही एकात. स्टेरॉइडने लाली दबते, पण कातडं पातळ होतं आणि बुरशी आतल्या आत पसरत राहते. मग त्यांनी ब्लेडच्या बोथट बाजूने कडेचा कोंडा काचपट्टीवर घेतला, त्यावर थेंबभर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. बुरशीचे तंतू होते. म्हणजे नुसतं काचणं कधीच मागे पडलं होतं, आता तो नायटा झाला होता. अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ मध्ये सरकारने नियम कडक केले, हेही त्यांनीच सांगितलं. मला त्या दुकानदाराचा राग आला, अजून येतो. जांघेतली बुरशी मधुमेहात वरचेवर होते म्हणून साखरही तपासली. ती ठीक निघाली.

उपचार साधा, पण चिकाटीचा. नुसतं बुरशीवरचं मलम दिवसातून दोनदा, डागाच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत, आणि डाग गेल्यावरही दोन आठवडे. अंघोळीनंतर टॉवेलने घासायचं नाही, टिपून कोरडं करायचं. टॉवेल वेगळा. सायकल बंद.

नुसतं सोलवटलं असतं तर काय करायला हवं होतं, तेही मी विचारून घेतलं. कोमट पाणी, सौम्य साबण, टिपून कोरडं, वर पेट्रोलियम जेली किंवा झिंक ऑक्साइडचं मलम, सैल सुती कपडे आणि कातडं भरेपर्यंत विश्रांती. डेटॉल किंवा स्पिरिट नको. पावडरही नको, घामात तिचे गोळे होतात आणि तेच घासतात. पू, ताप, गाठ किंवा पसरणारी गोल कडा दिसली तर थेट डॉक्टर.

पुन्हा सायकल काढली तेव्हा मागून येणारी मैत्रीण म्हणाली, "तुझी कंबर डावी-उजवीकडे डुलतेय गं." सीट उंच होती, प्रत्येक पेडलला मी घसरत होते. भिंतीला धरून बसले, पेडल पार खाली नेऊन त्यावर टाच ठेवली. पाय टाच टेकून जेमतेम सरळ व्हायला हवा. माझी टाच पोहोचतच नव्हती. सीट दीड सेंटिमीटर खाली घेतली. आरामासाठी हौसेने घेतलेलं जाड, रुंद जेलचं कव्हर काढून टाकलं, कारण त्याच्याच कडा मांड्यांना घासत होत्या. पॅडवाली सायकलिंग शॉर्ट घेतली. तिच्या आत काही घालायचं नसतं, हे मला पटायला दोन रविवार लागले. पण शिवणच नसेल तर काचणार काय? ती दर वेळी धुऊन, उलटी करून उन्हात वाळवते. निघण्याआधी जांघेत घासणं कमी करणारं साधं क्रीम लावते आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी क्षणभर पेडलवर उभी राहते. सेव उसळ आता कपडे बदलल्यावरच.

हे सगळं मी मैत्रिणींना एका रविवारी आजव्याच्या काठावर सांगितलं. दोघींनी लगेच मान डोलावली, त्यांनाही होत होतं. तिसरी, आमच्यातली सगळ्यात लहान, काही बोलली नाही. तिने पाठीवरची पिशवी पुढे ओढली आणि आतून तसलीच एक ट्यूब काढून माझ्या हातावर ठेवली, अर्ध्याहून जास्त पिळलेली. सोमवारी संध्याकाळी तिला घेऊन मीच त्या डॉक्टरबाईंकडे गेले.