परकीयांचा शोध आणि वस्तीतला पोलीस

परकीय नागरिकांविषयीचे धोरण दिल्लीत ठरते, परंतु नाशिकमधील अंबड-सातपूरच्या कामगार वस्तीत कागदपत्रे तपासायला येतो तो आपल्याच ठाण्यातला शिपाई. परकीय नागरिकांविषयीच्या १९४६ च्या कायद्याप्रमाणे २०२५ च्या नव्या कायद्यातही आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या व्यक्तीवरच आहे. त्यामुळे पश्चिम बंगालमधील मालद्याहून आलेला, बंगाली बोलणारा भारतीय गवंडी मजुरी बुडाली तरी ठाण्याची पायरी चढायला कचरला, तर मला नवल वाटणार नाही. पोलिसांवरचा विश्वास किती मोलाचा असतो ते पाहा: भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांतून, म्हणजे पोलीस आणि हिंदू-मुस्लिम रहिवाशांच्या वस्तीपातळीवरील समित्यांतून, वर्षानुवर्षे कमावलेल्या विश्वासामुळेच बाबरी मशीद पाडल्यानंतरच्या दंगलींच्या काळात, १९९२ च्या डिसेंबरात, ते शहर शांत राहिले. घुसखोरी रोखलीच पाहिजे. मात्र ते काम स्वतंत्र पथकाकडे असावे आणि बीट हवालदाराने (वस्तीचा भाग नेमून दिलेल्या पोलिसाने) फिर्यादीकडे नागरिकत्वाचा पुरावा मागू नये, असे माझे ठाम मत आहे.