कोरा तक्ता घेऊन वाईला

स्वारगेटहून सकाळची एसटी पकडली तेव्हा पिशवीत दोन ड्रॉइंग शीट, चिकटपट्टी, जाड स्केचपेनं आणि रंगीत चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. वाईला ब्लॉग लिहिणाऱ्या आम्हा पंचवीस जणांचा कट्टा होता. वक्ते ठरवले नव्हते, विषयही नाहीत.

खंबाटकी चढताना शेजारच्या काकांनी विचारलं, "कसलं संमेलन म्हणायचं?"

"विषय तिथे जमल्यावर ठरतील, काका."

"मग पारावर बसतात तसंच की!"

अगदी तसंच. हॅरिसन ओवेन यांनी १९८५ च्या सुमारास 'ओपन स्पेस' ही, जमलेल्यांनीच विषय ठरवायची, पद्धत मांडली, ती चहाच्या सुट्टीतच माणसं मोकळेपणाने बोलतात हे बघून. २००५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत पालो आल्टोला पहिला बारकॅम्प झाला, तेही असंच आयत्या वेळी विषय ठरवणारं संमेलन. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात चेन्नईच्या टायडल पार्कमध्ये ब्लॉगकॅम्प भरला. आपल्याकडे आंतरजालावरची मंडळी कट्टे आणि गटग, म्हणजे गेट-टुगेदर, करत आलीच आहेत. पण कट्ट्यावर चार बोलके बोलतात आणि बाकीचे मिसळ खाऊन घरी जातात. हे टाळायचं म्हणून तर तक्ता.

सुरूर फाट्याला वळलं की हवाच बदलते. गणपती घाटाजवळ एका मैत्रिणीचा जुना वाडा आहे. ढोल्या गणपतीला नमस्कार करून तिथे पोचलो, सतरंज्या टाकल्या आणि तक्ता भिंतीला लावला. आडव्या ओळीत जागा: ओसरी, माजघर, घाटाच्या पायऱ्या. उभ्या रांगेत वेळा, पाऊण-पाऊण तासाच्या चार. बारा चौकोन, सगळे कोरे. ज्याला जे बोलायचं किंवा विचारायचं असेल त्याने ते चिठ्ठीवर लिहून चौकोनात चिकटवायचं. जिथे मन लागत नाही तिथून उठून दुसरीकडे जायचं, त्यात कुणाचा अपमान नाही. हा नियम मी दोनदा सांगितला, कारण आपल्याला बोलणाऱ्यासमोरून उठायला फार जड जातं.

त्यानंतरची पाच-सात मिनिटं कुणीच हललं नाही. कट्टा भरवणाऱ्याची खरी परीक्षा हीच. आपण उठून एक विषय लिहिला की बाकीचे पुन्हा श्रोते होतात. मी हात मांडीखाली दाबून बसले.

मग कराडहून आलेली एक ताई उठली. तिने लिहिलं: 'बाबा गेले. त्यांचा ब्लॉग जाऊ द्यायचा नाही. काय करू?'

छापील कार्यक्रमपत्रिकेत हा विषय कधीच आला नसता. त्या चिठ्ठीनंतर मात्र रांग लागली. वऱ्हाडीत लिहायचं तर किती, जत्रेत काढलेल्या फोटोंना परवानगी कुणाची घ्यायची, मोबाइलवर टाइप करताना रफार कुठे हरवतो. दोघांचा विषय एकच निघाला, त्यांनी चौकोन जोडून घेतला.

ताईची वेळ माजघरात होती. वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, पाटाच्या पाण्याच्या पाळ्यांबद्दल लिहायचे. तिला पासवर्ड ठाऊक नव्हता, पण त्यांचा जुना फोन तिने जपून चालू ठेवला होता आणि त्यात खातं उघडं होतं. दोन वर्षं कुणी फिरकलं नाही तर गूगल खातं काढून टाकू शकतं, हे तिला तिथेच कळलं. एकाने तिथल्या तिथे तिलाही त्या ब्लॉगची व्यवस्थापक करून दिलं. दुसऱ्याने लेखांची बॅकअप फाइल उतरवली आणि बजावलं, "यात फोटो येत नाहीत हं, ते वेगळे घ्या." तिसरीने एकेक लेख वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर, जतन करायला घेतला. मी फक्त चार्जर शोधून दिला.

फोटो उतरत होते तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "ताई, एखादा वाचा ना." तिने पहिलाच लेख उघडला. रात्री दोनला कंदील घेऊन पाटाचं दार उघडायला जाणारा पाटकरी, आणि मागून शेताच्या बांधावर वाट बघणारी माणसं. ती थांबत थांबत वाचत होती. ओसरीवरचे आणि घाटावरचे लोक एकेक करून माजघराच्या दाराशी येऊन उभे राहिले.

तक्त्यावर पुढची वेळ 'रफारा'ची होती. ज्याची ती चिठ्ठी होती त्यानेच ती काढून खालच्या चौकोनात लावली.