स्टिकर इटलीचं, फ्रेम वर्कसॉपची

जुन्या रेसिंग सायकलची नुसती फ्रेम हातात आली की लोक आधी स्टिकर वाचतात, आणि मला वाटतं तेच सगळ्यात शेवटी वाचावं. चाळीस-पन्नास वर्षांत फ्रेमला परत रंग लागतोच, रंगाबरोबर जुनं नाव जातं आणि नवीन मालकाला जे आवडतं ते चिकटतं, त्यात जुन्या धर्तीचे नवे छापलेले स्टिकर आता घरबसल्या मागवता येतात. म्हणून मी नेहमी फ्रेम उलटी करतो आणि खालून सुरुवात करतो.

मी इथे इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो, इकडच्या कार बूट सेलमध्ये (लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात तो बाजार) अशा फ्रेमी अधूनमधून दिसतात. ही लाल रंगाची, खालच्या दांडीवर कोलनागो या इटलीच्या सायकल कंपनीचं नाव लिहिलेलं, वर इटलीच्या झेंड्याचा पट्टा, आणि विकणारा अगदी छातीठोकपणे सांगत होता की इटालियनच आहे. किंमत साध्या स्टीलच्या फ्रेमची होती, आणि लग, म्हणजे नळ्या जोडणारे धातूचे सांधे, इतके सुबक फाइल केलेले की कुठलीही असो, घ्यायचीच असं तिथेच ठरलं.

कोलनागोबद्दल एक गोष्ट लगेच तपासता येते. एर्नेस्तो कोलनागोंनी १९५४ मध्ये कांबियागोला काम सुरू केलं आणि सत्तरच्या दशकापासून त्यांच्या फ्रेमवर क्लबचं पान, म्हणजे पत्त्यातलं किलवर, लगमध्ये किंवा पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या डोक्यावर कोरलेलं असतं (दे रोझा या दुसऱ्या इटालियन कंपनीची असेल तर बदाम). माझ्या फ्रेमवर किलवर कुठेच नव्हतं. पण नुसत्या नसण्यावरून निकाल देणं मला पटत नाही, एखादी गोष्ट *असल्याचा* पुरावा पाहिजे. तो मिळतो बॉटम ब्रॅकेटमध्ये, जिथे पॅडलचा अ‍ॅक्सल बसतो त्या आडव्या नळकांड्यात.

मला या सगळ्यातला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो. त्या काळी प्रत्येक देशाचे आटे वेगळे होते. इटालियन नळकांडं ७० मिलिमीटर रुंद, आटे ३६ मिलिमीटर व्यासाचे आणि इंचाला २४, दोन्ही बाजूंना सरळ. इंग्लिश नळकांडं ६८ मिलिमीटर, व्यास १.३७ इंच, तेही इंचाला २४, पण चेनच्या बाजूला उलटे आटे. फ्रेंच आट्यांचा व्यास ३५ मिलिमीटर, दर मिलिमीटरला एक आटा, दोन्हीकडे सरळ, आणि स्विस म्हणजे फ्रेंचचंच माप पण चेनच्या बाजूला उलटे. उलटे आटे का, तर पॅडल मारताना कपावर (नळकांड्यात आट्यांनी बसवलेली बेअरिंगची वाटी) जो फिरता जोर येतो तो उजव्या बाजूचा सरळ आट्यांचा कप हळूहळू सैल करतो, उलटे आटे असले की तोच जोर कप घट्ट करत राहतो. इटालियन सायकलींचा उजवा कप सैल होतो ही तक्रार जुने मेकॅनिक आजही करतात ती यामुळेच.

तर आधी नळकांडं व्हर्नियरमध्ये धरलं, रंगाचा थर धरूनही ६८ च्या आसपास. मग तेल सोडून ठेवलं, डाव्या बाजूची लॉकरिंग काढली, तो कप सुटला, आणि उजव्या कपाला व्हाइसमध्ये पकडून पूर्ण फ्रेमच फिरवली, म्हणजे फ्रेमचाच पाना करायचा, दुसऱ्या कशाने तो कप हलत नाही. उलट्या आट्यांनी सुटला. आतमध्ये काळं पडलेलं ग्रीस, आणि ते पुसल्यावर आटे अगदी धारदार, कुणी परत पाडल्याची खूण नाही. हे बघावंच लागतं, कारण इंग्लिश आटे झिजले की तेच भोक मोठं करून इटालियन आटे पाडायची पद्धत आहे, मग आटे इटलीचे पण रुंदी ६८ च राहते, आणि तिथे भले भले गोंधळतात.

आटे इंग्लिश म्हणजे सायकल इंग्लंडचीच असं मात्र नाही हं. जपाननेही इंग्लिश माप उचललं, अमेरिकेतल्या बऱ्याच बनवणाऱ्यांनीही. म्हणून बाकीचं बघायला लागतं.

मागचे ड्रॉपआउट, म्हणजे चाकाचा अ‍ॅक्सल बसतो त्या खाचा, कॅम्पान्योलोचे, तसं कोरलेलंच आहे. इटलीची कंपनी म्हणून इटलीची फ्रेम, ही सगळ्यात कॉमन गडबड, कारण व्हिचेंझाहून हे ड्रॉपआउट सगळ्या जगात जायचे आणि इंग्लंडमध्ये चांगल्या फ्रेमला तेच लावायचे. लगचंही तसंच, नेर्वेक्स, प्रुन्या, बोकामा हे फ्रेंच लग कुणीही विकत घ्यायचं. सीटपोस्ट २७.२ चा बसतो, म्हणजे नळ्या पातळ आणि उत्तम प्रतीच्या, पण रेनॉल्ड्स ५३१ (इंग्लिश नळ्या) आणि कोलंबस एसएल (इटालियन नळ्या) दोन्हीत २७.२ येतो, त्यामुळे त्यावरून देश ठरत नाही. थोडा अंदाज दिला चिमट्याने. चिमटा काढून त्याच्या नळीत खालून टॉर्च मारला. कोलंबसच्या चांगल्या सेटमध्ये तिथे आतून पाच पिळाच्या रेघा उठलेल्या असतात, बोटाला लागतात. इथे आतून एकदम गुळगुळीत, म्हणजे नळ्या कोलंबसच्या नसाव्यात.

काळ ठरवायला मागच्या चाकाची जागा मोजली, १२० मिलिमीटर, म्हणजे पाच गिअरच्या फ्रीव्हीलचा जमाना, सहा-सात गिअर आले तेव्हा १२६ झालं. गिअरच्या शिफ्टरसाठी दांडीवर झाळलेले बॉस (शिफ्टर बसवायचे खुंट) नाहीत, पट्ट्याने आवळायचे, हेही त्याच काळाशी जुळतं. डोक्याच्या नळीवर पुटी भरलेली दोन बारीक भोकं एकाखाली एक दिसली, म्हणजे कधीकाळी इथे धातूचा बिल्ला रिव्हेटने ठोकलेला होता. आणि ड्रॉपआउटवर मडगार्डसाठी छोटे कान, पावसाच्या देशात रोज चालवायची सायकल म्हणून दिलेले.

मग राहिला नंबर. नळकांड्याच्या खाली रंगाचे थर इतके जाड की नुसता उंचवटा वाटत होता. तिथला रंग पेंट रिमूव्हरने मऊ केला, लाकडी काडीने हळूहळू काढत गेलो (लोखंडी स्क्रेपर अजिबात नको, पंच केलेली अक्षरं जातात), लालखाली पांढरा, पांढऱ्याखाली निळा, आणि निळ्याखाली अक्षरं उघडी पडली. डब्ल्यू, ई, मग ६, आणि पुढे बाकीचे आकडे.

हे वाचल्यावर मी अक्षरशः ओरडलो, कारण ही रॅले या इंग्लिश कंपनीची पद्धत. पहिलं अक्षर कारखाना, डब्ल्यू म्हणजे वर्कसॉप, इंग्लंडमधलंच एक गाव. दुसरं महिना, ए जानेवारी, बी फेब्रुवारी, डी मार्च, ई एप्रिल. आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक, आणि ही पद्धत सत्तरच्या दशकातली आणि वर्कसॉपचा कारखाना १९८१ ला बंद झाला म्हणून ६ म्हणजे फक्त १९७६. एप्रिल १९७६! आटेही जुळले. रॅलेच्या नॉटिंगहॅमच्या मुख्य कारखान्यात रॅलेचे स्वतःचे इंचाला २६ आटे चालायचे, पण वर्कसॉप हा मुळात कार्लटन या दुसऱ्या सायकल कंपनीचा कारखाना, रॅलेने १९६० मध्ये घेतलेला, तिथे रेसिंग फ्रेमना २४ च पाडायचे.

आपल्याकडे रॅले म्हटलं की आजोबांची काळी, उंच, चेनकव्हरवाली सायकल आठवते, आसनसोलच्या सेन-रॅलेची. त्याच नावाखाली वर्कसॉपमध्ये पातळ नळ्या पितळेने जोडून रेसिंग फ्रेमी बनत होत्या हे मराठी घरांत फारसं कुणाला माहीत नाही, आणि मला ते सांगावंसं वाटतं. आणि कुणी वर्कसॉपचा नंबर दाखवून टीम बाइक म्हणून विकत असेल तर भुलू नका. १९८० मध्ये झूटेमेल्कने टूर द फ्रान्स जिंकली त्या टीआय-रॅले टीमच्या फ्रेमी इल्केस्टनच्या छोट्या वर्कशॉपमध्ये बनायच्या आणि त्यांचे नंबर एसबी ने सुरू होतात.

माझ्या फ्रेमवरचं कोलनागो मी काढून टाकलं. मला ही इटालियन नसल्याचं काडीचं वाईट वाटलं नाही, उलट माझ्या घरापासून काही तासांत सायकलवर जाता येईल अशा गावात बनलेली वस्तू आहे याचाच आनंद जास्त. आता निळा रंग परत द्यायचाय, त्यासाठी सीटखालच्या लगच्या आत तो मूळ निळा जिथे उन्हापासून वाचलाय तिथला नमुना जपून ठेवलाय.

तुमच्याकडे अशी फ्रेम असेल तर रंगाला हात लावायच्या आधी नंबरचा, भोकांचा आणि प्रत्येक थराचा फोटो काढा, पावडर कोटिंगवाल्याकडे सँडब्लास्ट झालं की त्यातलं बरंच कायमचं जातं. आणि उजवा कप काढताना जोर लावायच्या आधी नळकांडं मोजा, ६८ भरलं तर बहुतेक घड्याळाच्या दिशेने सुटेल, ७० भरलं तर उलट दिशेने, आणि ६८ असून बिलकुल हलत नसेल तर फ्रेंच असू शकते, म्हणजे तीही उलट दिशेनेच सुटेल, तेव्हा थांबून परत तेल सोडा.